ॲव्हरेज किती आलं?

दर शुक्रवारी दुपारी चार-साडेचारला, म्हणजे बिल्ड तुटलेलं असतं आणि ते नेमकं कुणी तोडलं यावर गरमागरम चर्चा चालू असते त्या मुहूर्तावर, आमच्या हापिसातल्या सायकलवाल्या मंडळींचा व्हॉट्सॲपवर निरोप येतो. 'रविवार. पहाटे ५ शार्प. स्वारगेट ते खडकवासला आणि परत. ॲव्हरेज २५ प्लस. कुणासाठी थांबणार नाही.'

निरोप चोख आहे. आमच्या क्लायंटनं रिक्वायरमेंट एवढी स्वच्छ लिहून दिली असती तर निम्मी टीम रात्री आठच्या आत घरी गेली असती. वार आहे, वेळ आहे, जागा आहे, वेग आहे. नाही ते एवढंच, की खडकवासल्याला जायचं कशासाठी? पाणी बघायला? हवा खायला? भाजलेलं कणीस खायला? छे हो. जायचं, धरणापाशी यू-टर्न मारायचा आणि परत यायचं. धरणाच्या जागी सोसायटीची पाण्याची टाकी बांधून ठेवली तरी ह्या लोकांना फरक पडणार नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. उन्हाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी सायकल काढून जवळच्या एखाद्या छान जागी जायचं, ते रमतगमत जायचं. थांबत, बघत, खात, गप्पा मारत. आणि हे आळसाचं समर्थन नाही. अशी रमतगमत सायकल चालवणारी माणसं संपली, तर पुण्यात सायकलला धड रस्ता कधीच मिळणार नाही असं माझं ठाम मत आहे. ह्या दोन गोष्टींचा संबंध काय, ते सांगतो. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी त्या आकड्याकडे बघू. लहानपणी घरी 'ॲव्हरेज' हा शब्द ऐकला तो स्कूटरच्या बाबतीत. कुणी नवी गाडी घेतली की शेजारचे काका पहिला प्रश्न विचारायचे, "ॲव्हरेज काय देते?" त्यात निदान पेट्रोलचे पैसे गुंतलेले असायचे. आता हाच प्रश्न माणसांना विचारतात. सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी कुणी "कसं होतं रे धरण?" असं विचारत नाही. "ॲव्हरेज किती आलं?" असंच विचारतात.

आता इंजिनिअर आहोत तर हिशोब करून टाकू. स्वारगेटहून खडकवासल्याचं धरण साधारण १७ किलोमीटर. ताशी २५ नं गेलात तर ४१ मिनिटं. ताशी १५ नं गेलात तर ६८ मिनिटं. वाचली किती? २७ मिनिटं. ह्या २७ मिनिटांसाठी किंमत काय मोजली, तेही बघा. सायकलस्वाराचा मोठा शत्रू म्हणजे हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे १५ वरून २५ वर गेलात की फक्त हवा कापायला साडेचारपटीहून जास्त शक्ती लागते. साडेचारपट दम घालवून २७ मिनिटं वाचवायची. बरं, वाचवून केलं काय? घरी येऊन सोफ्यावर आडवे पडून मोबाईलवर आपलाच नकाशा बघितला! असला परतावा देणारी म्युच्युअल फंडाची स्कीम कुणी दाखवली असती, तर ह्याच मंडळींनी त्याला एक्सेल शीट काढून झोडपला असता.

चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं १९७५ मध्ये एक निरीक्षण मांडलं. त्याचा आज सगळीकडे सांगितला जाणारा आशय असा, की एखादं माप हेच उद्दिष्ट झालं की ते चांगलं माप राहत नाही. आयटीवाल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. बंद केलेल्या तिकिटांची संख्या अप्रेझलमध्ये मोजायला लागा, लोक एका बगची तीन तिकिटं करतात. सायकलचंही तेच झालंय. वेग मोजायला लागलो ते आपण किती सुधारलो हे कळावं म्हणून. आता ॲव्हरेज पडू नये म्हणून लोक पाणी प्यायलासुद्धा थांबत नाहीत. एकानं तर मला ऐकवलं, की थांबताना घड्याळ पॉज करायचं विसरलो म्हणून अख्खी राईड 'वाया गेली'. दोन तास सकाळच्या गार हवेत सायकल चालवली आणि ती वाया गेली! आता बोला.

इथे लगेच हरकत येते. "अरे, पण आम्ही फिटनेससाठी करतो." ठीक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की प्रौढ माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. मध्यम म्हणजे किती, तर ढोबळ खूण अशी, की व्यायाम चालू असताना बोलता येतं, गाता येत नाही. आता ताशी १५ नं खडकवासल्याला जाऊन परत या. ६८ दुणे १३६ मिनिटं. वर कोपऱ्यावरून दूध आणि पाव आणा, आठवड्याचा किमान कोटा पुरा. जोरात चालवलं तर निम्म्या वेळात काम होतं, हेही त्याच सूचनांत आहे, ते मी नाकारत नाही. ज्याला शर्यतीत उतरायचंय त्यानं जरूर जोरात चालवावं, त्याच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते शर्यतीत न उतरणाऱ्या पस्तीस माणसांवर शर्यतीचे नियम लादण्याशी.

दुसरी हरकत जरा वरच्या पट्टीतली. "हळू चालवणं म्हणजे काही खरं सायकलिंग नव्हे." हिचा तर मी समाचारच घेणार आहे.

लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये 'ब्रेव्हे' नावाचा प्रकार असतो, आपल्याकडेही बरेच लोक करतात. त्यातली सगळ्यात लहान, २०० किलोमीटरची ब्रेव्हे पूर्ण करायला साडेतेरा तास मिळतात. भागून बघा, ताशी १५ सुद्धा येत नाही. ह्या पंथाची पंढरी म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. १८९१ साली ही सुरू झाली, आता चार वर्षांतून एकदा होते, १२०० किलोमीटर. तिची कमाल मर्यादा ९० तास. म्हणजे झोप, जेवण, पंक्चर सगळं धरून ताशी साडेतेराच्या आत. जगभरचे लोक ज्या पदकासाठी वर्षानुवर्षं तयारी करतात ते ह्या वेगानं मिळतं. आणि आमच्या हापिसात मात्र १५ नं चालवणाऱ्याला 'भाजी आणायला निघालास का?' म्हणतात.

अजून एक गंमत ऐका. तुमच्या त्या दोन लाखांच्या सायकलला जे गिअर आहेत ना, मागच्या चक्रांवर चेन उडी मारते ते, त्यांचा प्रसार शर्यतवाल्यांनी नाही केला. पॉल द व्हिव्ही नावाचा एक फ्रेंच माणूस होऊन गेला (१८५३-१९३०), 'व्हेलोसिओ' ह्या टोपणनावानं लिहायचा. सायकलवर भटकणाऱ्यांचा हा गुरू. डोंगरदऱ्यांत साध्या माणसालाही सायकल चालवता यावी म्हणून त्यानं गिअरचा जन्मभर पुरस्कार केला. टूर द फ्रान्सच्या आयोजकांना मात्र गिअर म्हणजे दुबळ्यांची सोय वाटायची, त्यांनी तिथे असले गिअर वापरायला परवानगी दिली ती १९३७ मध्ये. म्हणजे तुमचा गिअर ही भटक्यांनी दिलेली देणगी आहे आणि तुम्ही त्याच गिअरवर बसून भटक्यांना हसताय. ह्याच व्हेलोसिओनं सायकलस्वारांसाठी काही नियम घालून दिले होते. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या वगैरे. त्यातला शेवटचा नियम असा, की केवळ आपला तोरा मिरवायला कधीही पायडल मारू नका. आमच्या ग्रुपच्या नियमावलीत हा कलम घालावा अशी सूचना मी केली होती. दोन अंगठे आणि एक हसरा चेहरा आला, पुढे काही नाही. :-)

तर रमतगमत जायचं म्हणजे नक्की काय करायचं? खडकवासल्याचंच उदाहरण घेऊ, कारण पुण्यातल्या निम्म्या सायकली रविवारी तिकडेच तोंड करून निघतात.

आधी मोसम. पावसाळ्यात सगळं पुणं गाड्या काढून खडकवासला-सिंहगडाच्या दिशेनं सुटतं. धरणाजवळच्या चौपाटीपाशी ट्रॅफिक जॅम, भज्यांचा धूर, हॉर्न. तेव्हा सायकलवाल्यानं तिकडे फिरकू नये. आपला मोसम एप्रिल-मे. दुपारी पारा चाळिशीला टेकत असला तरी पहाटे पुण्यात हवा अजून गार असते. सहा वाजता उजाडतं. साडेआठ-नऊपर्यंत ऊन सोसवतं, त्यानंतर नाही. त्यामुळे ही जी सहा ते नऊची खिडकी आहे ती उन्हाळ्यानं आपल्याला फुकट दिलीय. बहावा ह्याच दिवसांत पिवळ्या झुंबरांनी लगडतो, गुलमोहर पेटायला लागतो. वाटेत कुठे नीरा मिळते, कुठे ताडगोळे. मे लागला की डोणज्याच्या बाजूला बायका पाट्यांत करवंदं, जांभळं घेऊन बसतात. पानाच्या द्रोणात करवंदं घ्यायची, कट्ट्यावर टेकायचं आणि 'कोंबडा की कोंबडी' खेळत खायची. ताशी २५ च्या वेगात करवंदाची पाटी दिसत नाही हो, दिसली तरी ब्रेक मारायची हिंमत होत नाही. मागचा येऊन आदळायचा.

मग धरण. धरण बघायचं ते उन्हाळ्यातच, कारण तेव्हा ते रिकामं होत असतं. पावसाळ्यात भरलेलं पाणी सगळ्यांनाच आवडतं, त्यात कळण्यासारखं काही नसतं. मे महिन्यात काठावर उभे राहा. पाणी मागे सरकलेलं असतं, पूर्वीच्या पातळीच्या रेघा काठावर दिसतात, मध्ये मध्ये गाळ उघडा पडलेला असतो. ह्या धरणाची साठवण आहे १.९७ टीएमसी. वर पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१. सगळी मिळून एकोणतीस टीएमसीच्या आसपास, आणि त्यात खडकवासला सगळ्यात लहान. वरच्या धरणांतून पाणी इथे यायचं, इथून शहराला आणि कालव्याला जायचं. सकाळी शॉवर सोडून ब्रश करत उभे राहता ना, ते पाणी इथून येतं. पेपरात 'पाणीकपात' वाचून कळत नाही ते त्या उघड्या गाळाकडे दहा मिनिटं बघून कळतं. पण दहा मिनिटं थांबावं लागतं. (आणि काठावरूनच बघा. पाण्यात उतरू नका. तिथे दरवर्षी माणसं बुडतात.)

धरणाला इतिहासही आहे. १८७० च्या दशकात इंग्रजांनी बांधलं, जलाशयाला त्यांनी नाव दिलं होतं लेक फाईफ. १२ जुलै १९६१ ला वर पानशेतचं धरण फुटलं, त्याचा लोंढा इथे आला आणि खडकवासलाही फुटलं. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पुण्यातल्या जुन्या घरांत अजूनही 'पुराच्या आधी' आणि 'पुराच्या नंतर' अशी काळाची विभागणी होते. ज्या भिंतीपाशी आपण यू-टर्न मारतो, ती तुटल्यामुळे अर्ध्या शहराचं आयुष्य बदललं. धरणाजवळच केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे, १९१६ साली सुरू झालेली. धरणं आणि बंदरं बांधायच्या आधी त्यांची छोटी मॉडेलं बनवून त्यात पाणी खेळवून बघतात तिथे. म्हणजे टेस्टिंग! आपण प्रॉडक्शनला टाकून मग टेस्ट करतो, ते सोडा. पण एवढ्या इंजिनिअरिंगच्या दारावरून दर रविवारी पस्तीस इंजिनिअर खाली मान घालून, पुढच्याचं मागचं चाक बघत जातात, ह्याला काय म्हणावं?

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, की बाबा रे, तुला करवंदं खायची तर खा, ज्याला पळायचंय त्याला पळू दे. ज्याची त्याची आवड. इतकंच असतं तर मी हा रविवार टाईप करण्यात घालवला नसता. पण प्रश्न आवडीचा राहत नाही.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या टेस्टिंग टीममधली एक मुलगी ग्रुपमध्ये आली. विदर्भातून नोकरीसाठी आलेली, गावाकडे बारावीपर्यंत रोज सायकलवरून शाळेला गेलेली. म्हणजे सायकल चालवण्याचे तास मोजले तर आमच्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त. इथे तिनं एक साधी, सेकंड हॅण्ड, पुढे बास्केटवाली सायकल घेतली होती. पहिल्या रविवारी राजाराम पूल ओलांडेपर्यंत पुढची टोळी दिसेनाशी झाली. दुसऱ्या रविवारी मी मुद्दाम तिच्याबरोबर मागे राहिलो. आम्ही दोघंच मजेत धरणापर्यंत गेलो, तिनं वाटेत कुठलं झाड कुठलं ते मला सांगितलं. सोमवारी ग्रुपवर सगळ्यांच्या वेगाचा तक्ता आला, त्यात तिचं नाव शेवटी आणि पुढे कासवाचं चित्र. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, गंमत होती. तिसऱ्या रविवारी ती आली नाही. पुढे जून संपेपर्यंत तिनं स्कूटर घेतली. सहा किलोमीटरवर असलेल्या हापिसला ती आता स्कूटरनं येते.

रस्त्यावरची एक सायकल कमी झाली, एक स्कूटर वाढली. आणि हे कुणी केलं? सायकलिंगचा प्रचार करणाऱ्या ग्रुपनं.

मुद्दा इथे आहे. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे तेव्हा इथे रेसर राहत नव्हते. कारखान्यातले कामगार, कारकून, प्राध्यापक, कॉलेजातली मुलं-मुली आपापल्या वेगानं जायची. हँडलला डबा, मागे कॅरिअरला भाजीची पिशवी नाहीतर बायको. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला असायचा, दिवा नसेल तर पोलीस धरायचा, तासावर भाड्यानं सायकल मिळायची. रस्त्यावर त्यांची संख्या एवढी होती, की बाकीच्यांना सांभाळून चालवावं लागायचं. हळू चालणारी, संख्येनं भरपूर असलेली साधी माणसं हीच सायकलची ताकद होती.

शर्यतवाल्या सायकलवाल्याला शहर बदलायची गरजच नसते. तो पहाटे पाचला निघतो, का? कारण तेव्हा रस्ता मोकळा असतो. सात वाजायच्या आत घरी पोचतो. काहीजण तर गाडीच्या मागे सायकल टांगून शहराबाहेर नेतात आणि तिथून चालवतात. म्हणजे शहरात सायकल चालवता येत नाही ही अडचण त्यानं स्वतःपुरती सोडवून टाकलेली असते. आमच्या भाषेत ह्याला वर्कअराउंड म्हणतात. आणि प्रत्येकाकडे वर्कअराउंड असला की मूळ बग कुणी दुरुस्त करत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

ह्याउलट रमतगमत जाणारा सकाळी सहाला निघून साडेआठ-नऊला परत येत असतो. तेव्हा सिंहगड रोड जागा झालेला असतो. नांदेड फाटा, धायरी फाटा, वडगाव, माणिकबाग, सगळीकडे गाड्या. त्याला कळतं की कुठे कडेचा रस्ता अचानक संपतो, कुठे ड्रेनेजचं झाकण चार इंच खाली आहे, कुठे बस थेट अंगावर येते. त्याच्या शेजारून रात्रपाळी संपवून घरी चाललेला वॉचमन जात असतो, साध्या काळ्या सायकलवर. दूधवाला असतो, बांधकामावर निघालेला गवंडी असतो. त्यांच्या सायकल चालवण्याला कुणी 'सायकलिंग' म्हणत नाही, त्यांचं ॲव्हरेज कुठल्या तक्त्यात येत नाही. पण सायकलचा रस्ता झाला तर सगळ्यात आधी जीव वाचेल तो त्यांचा. आपण त्यांच्या वेळेला, त्यांच्या वेगानं, त्यांच्या शेजारून गेलो तरच आपली मागणी आणि त्यांची गरज एक होते.

पालिकेनं काहीच केलं नाही असंही नाही. २००६ च्या शेवटी कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी सुरू झाली तेव्हा तिच्या कडेला सायकल ट्रॅक आले. त्यांचं पुढे काय झालं ते त्या रस्त्यानं जाऊन बघा. कुठे टपरी, कुठे पार्किंग, कुठे मधोमध विजेचा डीपी. २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला. त्याच वर्षाच्या अखेरीला भाड्याच्या चकचकीत सायकली रस्त्यावर आल्या आणि काही वर्षांत गायबही झाल्या. सायकली आणल्या, पण त्या चालवायच्या कुठे ह्याचं उत्तर आधी तयार नव्हतं. सिंहगड रोडवर २०२४ आणि २०२५ मध्ये उड्डाणपुलाचे टप्पे खुले झाले, मोटारींची काही मिनिटं वाचली. राजाराम पुलापासून धरणापर्यंत सलग, सुरक्षित सायकलचा रस्ता मात्र आजही नाही. कारण उड्डाणपूल मागणारे लोक रोज सकाळी नऊ वाजता तिथे अडकलेले दिसत होते. सायकलवाले कुणाला दिसलेच नाहीत, ते पहाटे पाचला येऊन गेले होते.

आणि आत्ता हे बोलायचं कारण असं, की खडकवासला ते खराडी मेट्रोला नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारनं मंजुरी दिलीय. म्हणजे स्वारगेट ते खडकवासला हा पट्टा आज ना उद्या खणला जाणार, खांब उभे राहणार आणि नंतर रस्ता पुन्हा आखला जाणार. रस्ता एकदा नव्यानं आखून डांबर पडलं की पुढची वीस वर्षं कुणी हात लावत नाही. सायकलसाठी जागा मागायची तर ती ड्रॉईंग कागदावर असतानाच मागायला हवी. नंतर मागितली तर उरलेल्या फूटपाथवर लाल रंग मारून 'सायकल ट्रॅक' असं लिहून देतील.

दुसरी एक जागा मला कायम खुणावते. मुठा उजवा कालवा. खडकवासल्याहून निघतो आणि शहराच्या अंगाअंगानं पुढे जातो. कालव्याला उतार अगदी नाममात्र असतो, पाणी हळू आणि सारखं वाहावं म्हणून तो तसाच काढतात. म्हणजे त्याच्या काठानं जाणारी वाट जवळपास सपाट असणार, चढ नाही, सिग्नल थोडे, बाजूला पाणी. लहान मूल आणि आजोबा दोघंही चालवू शकतील असा सायकलमार्ग आखायचा असता, तर सर्व्हेअरनं ह्याहून चांगली रेघ मारली नसती. काठाची मालकी, अतिक्रमणं, सुरक्षितता ह्या अडचणी आहेत, मान्य. पण अडचणी तेव्हा सुटायला लागतात, जेव्हा कुणीतरी ती वाट मागायला लागतं. ताशी ३० चं स्वप्न बघणारा माणूस कालव्याकाठची वाट कशाला मागेल? तिथे आजोबा मध्ये येतील ना!

म्हणून माझी मागणी ग्रुपवाल्यांकडे आहे. महिन्यातले तीन रविवार तुम्ही पळा, खुशाल पळा. एक रविवार रमतगमत जा, आणि तो सगळ्यांसाठी मोकळा ठेवा. त्या दिवशी पाचला नाही, सहाला निघायचं. सगळ्यात हळू चालवणारा सगळ्यात पुढे, बाकीचे त्याच्या मागे. बास्केटवाली सायकल, पोरांची सायकल, वडिलांची जुनी काळी सायकल, सगळं चालेल. लायक्राची सक्ती नाही, हेल्मेटची आहे. धरणापाशी किमान अर्धा तास थांबायचं. वेगाचा तक्ता काढायचा नाही. परत येताना मात्र एक तक्ता जरूर काढायचा: कुठे उतरून सायकल ढकलावी लागली, कुठे खड्डा आहे, कुठे ट्रॅकवर गाडी उभी होती, कुठे चौक ओलांडायला जीव मुठीत धरावा लागला. जागा आणि फोटोसकट. तो तक्ता सिंहगड रोडच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी द्यायचा, पोच घ्यायची आणि पुढच्या महिन्यात तीच यादी घेऊन पुन्हा जायचं. डेटाची एवढी हौस आहे ना आपल्याला, मग कामाचा डेटा गोळा करू. पस्तीस माणसांनी वर्षभर हे केलं तर जी फाईल तयार होईल, तेवढी नेमकी माहिती कुठल्या कन्सल्टंटकडेही नसेल.

आणि त्या टेस्टिंगवाल्या मुलीला परत बोलवा. बग शोधायचं काम तिला आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं येतं.